आप्पांच्या बारा पट्ट्या

आमच्याकडे धूळ नाही. घरामागे पोफळी, पुढे ओहोळ, बाराही महिने हवेत ओल. आठवडाभर फडकं मारलं नाही तरी टेबलावर बोटानं नाव लिहिता येत नाही. शेजारणींना याचं कौतुक आहे. मला मात्र मधूनच धुळीची अशी ओढ लागते की घरात बसवत नाही, आणि हे कोकणातल्या बायकांना सांगायचं म्हणजे त्या आधी माझ्या कपाळाला हात लावून बघतील.

खरं तर ही ओढ धुळीची नाही, आप्पांची आहे.

आप्पा माझे घरमालक. साठ सालाच्या अलीकडे-पलीकडे मी शहाद्याच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते. नंदुरबारला आगगाडीतून उतरून एस.टी.नं शहाद्याला पोचेपर्यंत माझी पांढरी साडी बदामी झाली होती. शाळेच्या शिपायानं शेजारच्या लोणखेड्यातलं एक घर दाखवलं. गुजर शेतकऱ्यांचं ऐसपैस घर, मागे केळी, पुढे कापसाची काळी रानं. माडीवरची खोली रिकामी होती. मी भाडं विचारलं. ओट्यावर पांढरंशुभ्र धोतर नेसून बसलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्या ट्रंकेच्या झाकणावरून बोट फिरवलं आणि ते बोट स्वतःच्या पुढच्या दातांवर घासलं.

“रेतीनी शे,” ते म्हणाले. “गाडी तापीकडथीन उनी ना?”

मी घाबरून हो म्हटलं.

“शास्त्र शिकाडतस म्हने तुम्हीन. तुमनी शायामा काचनी पेटीमा ठेवेल काटा शे ना? मंग भाडं राहू द्या. दर आयतवारे मन्हं एक वजन करी द्या.”

मला वाटलं, सोनाराचं काही काम असेल. आतून त्यांच्या बायकोनं, जिजींनी, मान बाहेर काढली. “त्यासना नादी लागू नको, बाई,” त्या म्हणाल्या. “मन्हं जर्मननं पातेलं कापी टाकं त्यासनी!”

जर्मनचं म्हणजे अॅल्युमिनियमचं. त्या पातेल्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या आप्पांनी कापून ठेवल्या होत्या, आणि त्यांचं वजन करण्यावर माझं तिथलं बिऱ्हाड उभं राहिलं.

आप्पा आधी विमानतळावर होते. वाळवंटाच्या कडेला लष्करी विमानांचा एक तळ होता, तिथे ते इंजिनाचे फिटर. जेट विमानं तेव्हा नवीनच आली होती. इंजिन उघडणं, पुसणं, जोडणं, कान लावून ऐकणं, यात त्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली. मग ते गावी परतले. भाऊ शेती करत होते, आणि आप्पांना शेतीतलं काही कळत नाही यावर चारही भावांचं एकमत होतं. घरात ते आपसात गुजरी बोलत, माझ्याशी अहिराणी, आणि इंजिनाशी इंग्रजीतले सात-आठ शब्द.

ते का परतले हे मला पहिल्या दसऱ्याला कळलं. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाची पूजा चालली होती. थोरल्या भावानं मूठभर अक्षता उचलल्या तसे आप्पा ओट्यावरून असे धावले की धोतराचा सोगा सुटला. “तोंडमा नही! अंगले लाव, तोंडमा नही!” त्यांनी भावाचं मनगटच धरलं. मग हळदी-कुंकवाचं एक बोट इंजिनाच्या पाठीवर उमटवलं, फूल बाजूला ठेवलं आणि हवेच्या तोंडावरचा फडक्याचा बुरखा दोनदा चाचपून पाहिला. सगळे हसले. मी कारण विचारलं.

“मीच टाका व्हतात,” आप्पा म्हणाले.

तळावरच्या पहिल्याच दसऱ्याला आप्पांनी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून एका जेट विमानाची पूजा केली होती. कुंकू लावलं, हार घातला, आणि घरी पोळ्याला बैलाला घास देतात तसे दोन मुठी तांदूळ इंजिनाच्या तोंडात घातले. “आम्हना घर बैलले पुरनपोयी खावाडतस. मंग इंजिनना तोंडमा चार दाना टाकात ते काय बिघडनं?” बिघडलं ते असं की इंजिनाच्या तोंडात तांदळाचा दाणासुद्धा चालत नाही. कुणाला तरी कुंकू लागलेले तांदूळ दिसले आणि अख्खं इंजिन उतरवून उघडावं लागलं. आप्पांना शिक्षा झाली, बढती गेली ती पुन्हा मिळाली नाही, आणि पुढे जिवाला लावून घेऊन ते घरी आले.

पण इंजिन उघडलं तेव्हा तांदळांच्या पलीकडचंही दिसलं. आतल्या चक्राची पाती, जी अजून बरेच दिवस कुणी बघितली नसती, ती कडेला उंदरानं कुरतडावी तशी झिजली होती. ते काम धुळीचं होतं. जेट हवा घोटानं घेत नाही, अखंड पीत असतं, आणि तळावर हवेबरोबर रेती होती. इंजिनं ठरल्या तासांच्या कितीतरी आधी उतरवावी का लागतात ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

“चूक मन्हीच व्हती,” आप्पा म्हणाले. “पन ती चूक नसती व्हयनी ते ती पाती कोनी दखी असती?”

त्यांच्या साहेबांनी, म्हणजे तिथल्या मुख्य इंजिनिअरनी, शिक्षेच्या कागदावर सही केली आणि मग मोडीत काढलेलं एक पातं आप्पांच्या हातावर ठेवलं. ते पातं आप्पांनी देव्हाऱ्यात ठेवलं होतं. जिजी रोज सकाळी बाळकृष्णाबरोबर त्यालाही पुसत, आणि पुसताना काय म्हणत ते मी इथे लिहीत नाही.

त्या पात्याला वाचवायचं, एवढंच आप्पांच्या डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतंच.

ते धूळ चाखत. थट्टा नाही, रोज चाखत. दातांखाली करकरली तर गोमाई नदीच्या पात्रातली. मऊ लागून टाळूला चिकटली तर काळ्या रानातली. दोन्हींच्या मधली असेल तर सडकेवरची, चाकांनी दळलेली. “काई चिकटस, रेती कापस,” म्हणजे काळी माती चिकटते, रेती कापते, असा त्यांचा एका ओळीचा पाठ होता, आणि तो मी दहावीला जसाच्या तसा शिकवला आहे. रस्त्यानं कुणी हसत-बोलत चाललं असेल तर ओट्यावरून हाक येई, “तोंड बंद कर रे, इंजिन झिजस!” लोणखेड्यातल्या पोरीबाळी त्यांच्या घरासमोरून ओठ घट्ट मिटून जायच्या आणि कोपऱ्यावर वळल्या की खिदळायच्या. मला आधी त्या माणसाची लाज वाटे. माझ्या दौतीला, पाण्याच्या तांब्याला, अगदी पुस्तकांच्या रांगेलासुद्धा मी शाळेतून येईपर्यंत त्यांनी फडकी बांधलेली असत. एकदा मी चांगलीच चिडले. खोली माझी आहे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी फडकी नव्हती. दोन दिवसांनी दौतीत गाळ झाला तेव्हा मी गुपचूप खाली जाऊन फडकं मागून आणलं. आप्पांनी ते दिलं तेव्हा त्यांच्या मिशा हसत होत्या.

शहाद्याच्या रस्त्यावर एक काटकोनातलं वळण होतं आणि त्या वळणावर चहाचं हॉटेल. आप्पा तिथे तासन्‌तास बसत. चहा एक, धोतर पांढरंशुभ्र. मला वाटे, रिकामपण. पुढे कळलं की धोतर हेच त्यांचं यंत्र होतं. एस.टी. वळली की वारा रस्त्याबरोबर वळतो, धूळ वळत नाही. ती सरळ हॉटेलात येते. कुठल्या बाकावर किती येते ते धोतरावरून समजे.

“वारा हलका शे, त्याले वयता येस. धूय जड, तिले येत नही,” ते मला म्हणाले. “कपडा बांधीसन जेटनं भागाव नही, त्याना जीव घाबरी. धूय काय दुश्मन नही, बाई, पाव्हनी शे. येवाले दार दाखाडं तसं जावालेबी दाखाडनं पडस.”

यावरच त्यांनी ते दार बेतलं होतं. पत्र्याचं एक नळकांडं, त्याच्या तोंडाशी वाकवलेली पानं, म्हणजे आत येणारी हवा भोवऱ्यासारखी फिरे. फिरताना जड धूळ कडेला फेकली जाई आणि कडेच्या फटीतून बाहेर. मधली स्वच्छ हवा पुढे इंजिनाला. याला त्यांनी नाव दिलं होतं ‘वळण’. भावांनी मोडीत काढलेलं एक ऑइल इंजिन त्यांनी पंख्याला जोडलं होतं. पंखा नळकांड्यातून हवा ओढे आणि त्या हवेच्या वाटेत जर्मनची एक पट्टी अडकवलेली असे. तोंडाशी आप्पा चिमटीनं धूळ सोडत बसत. पट्टी किती झिजली ते कळण्यासाठी माझा काटा.

धूळ सारखी हवी म्हणून ती जिजींच्या मैद्याच्या चाळणीनं चाळायची आणि गच्चीवर खाटेवर वाळवायची. उन्हाळ्यात त्याच गच्चीवर जिजींचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत. एका दुपारी वावटळ आली आणि पुढे वर्षभर त्या घरातले बिबडे दातांखाली करकरत होते. जिजींनी चार दिवस आप्पांना वाढलं नाही. आप्पा स्वतः वाढून घेत आणि बिबडा चावून म्हणत, “गोमाईनी शे.”

रविवारी आम्ही दोघं शाळेत जायचो. पट्टी कागदात, कागद त्यांच्या टोपीत. प्रयोगशाळेत ते कधी आले नाहीत. “मन्हा आंगवर धूय शे, काटा बिघडी,” म्हणून बाहेर व्हरांड्याच्या पायरीवर बसत. मी काचेची पेटी उघडायची, चिमट्यानं पट्टी पारड्यात ठेवायची, श्वास रोखून बारीक वजनं चढवायची. मग बाहेर जाऊन आकडा सांगायचा. ते पट्टी घेत, डोळे मिटून तिची कड खालच्या ओठावरून फिरवत, आणि मान हलवत. बोटांना घट्टे होते, त्यामुळे कड ओठाला विचारायची ही त्यांची पद्धत. माझा आकडा आणि त्यांचा ओठ यांच्यात फरक पडलेला मला आठवत नाही. चार वर्षांत त्या पायरीवर मी जितकी सुखी होते तितकी पुढे फार कमी ठिकाणी झाले.

मग साहेबांचं पत्र आलं; आप्पांनी माझ्याकडून त्यांना वळणाबद्दल लिहवलं होतं. साहेब आता दक्षिणेत इंजिनाच्या एका मोठ्या कारखान्यात होते. त्यांनी लिहिलं होतं, वळणाशिवाय शंभर तास आणि वळण लावून शंभर तास चालवा. झीज निम्म्यावर आली असेल तर अचूक वजनं मला कळवा. तुम्हाला इथे बोलावून घेतो, मोडीतल्या एका खऱ्या इंजिनावर लावून बघू. मी निवृत्त होण्याआधी हे व्हावं असं मला वाटतं.

आप्पांनी ते पत्र देव्हाऱ्यात पात्याखाली ठेवलं. पुन्हा त्या इंजिनापुढे उभं राहायचं, आणि या वेळी हातात तांदूळ नसतील, हे त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं. पण त्या उन्हाळ्यात ते दुसऱ्या कशासाठी जगत नव्हते. भर उन्हात, झळा मारत असताना, तोंडाला फडकं बांधून ते पंख्यापाशी बसत. शेवटच्या आठवड्यात चक्कर येऊन पडले. जिजींनी कांदा फोडून नाकाला लावला, तर शुद्धीवर येताच विचारलं, इंजिन कुणी बंद केलं?

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मी नोकरी सोडून कोकणात परत जाणार होते.

शंभर तास भरले त्या रविवारी मी वजन केलं. एकदा केलं, पुन्हा केलं, पारडी पुसून तिसऱ्यांदा केलं. वळण लावून झीज कमी झाली होती, पण निम्मी नाही. जेमतेम चौथा भाग वाचला होता. खिडकीतून मला पायरीवरची त्यांची पाठ दिसत होती. सदऱ्यातून खांद्यांची हाडं वर आली होती. टोपी मांडीवर होती, आणि तिच्यावरची नसलेली धूळ ते झटकत होते.

मी बाहेर गेले.

“कितलं व्हयनं, बाई?”

“निम्म्याहून कमी झीज, आप्पा. जमलं.”

त्यांच्यासाठी खोटं बोलले असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला जाताना त्यांचा हसरा चेहरा घेऊन जायचं होतं. मी माझ्यासाठी बोलले.

त्यांनी पट्टी घेतली. डोळे मिटून ओठावरून फिरवली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग मान हलवली, “बरं” म्हणाले, आणि वळणावरच्या हॉटेलात मला जिलबी खाऊ घातली. संध्याकाळी म्हणाले, “साहेबले पत्र तुन्हाच हातनं लिखी दे.” मी इंग्रजीत लिहिलं, खोटा आकडा घातला. त्यांनी घडी करून ते टोपीत ठेवलं.

निघायच्या आदल्या दिवशी ते माडीच्या जिन्यावर आले. वर कधी येत नसत. हातात नव्या, कोऱ्या पट्ट्या होत्या.

“बारा शेतस. जावाना पहिले इतल्यासनं आधीनं वजन करी ठेव. नंतरनं तू ऊनी म्हंजे करसूत.”

पत्र गेलं, काम झालं, मग आता पट्ट्या कशाला, हे मी विचारायला हवं होतं. गुन्हेगार माणूस प्रश्न विचारत नाही. मी बाराही पट्ट्यांची वजनं केली, प्रत्येक पट्टी वेगळ्या कागदात गुंडाळली, कागदावर ‘आधी’ म्हणून आकडा लिहिला आणि खाली ‘नंतर’ म्हणून जागा सोडली. एस.टी. वळणावर वळली तेव्हा आप्पा हॉटेलच्या बाकावर होते. धूळ त्यांच्या अंगावर गेली आणि ते मला दिसेनासे झाले.

मी गेले नाही. पहिल्या वर्षी संसार होता, दुसऱ्या वर्षी मूल होतं, आणि सगळ्या वर्षी लाज होती. साहेबांनी त्यांना बोलावून नेलं असेल, खऱ्या इंजिनावर फजिती झाली असेल, आप्पा मान खाली घालून पुन्हा एकदा घरी आले असतील, हे चित्र मी इतक्या वेळा रंगवलं की ते घडलंच आहे असं मला वाटू लागलं. पत्रसुद्धा टाकलं नाही. पाचव्या वर्षी जिजींनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं. आप्पा गेले होते. तुमची एक वस्तू आहे, घेऊन जा, असं खाली लिहिलं होतं.

या वेळी मी गेले. जिजींनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. तांब्याच्या तोंडावर फडकं बांधलेलं होतं. रडल्या मात्र नाहीत. देव्हाऱ्यातून पातं आणि एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

“तुन्ही वाट दखेत ते,” त्या म्हणाल्या. “मी म्हनू, दुसरा मास्तरले सांगा ना वजन कराले. ते म्हनेत, नही, तिन्हाच हातनं पाहिजे.”

“आणि साहेब? साहेबांनी बोलावलं नाही?”

“साहेबनं पत्र दोन डाव उनं. त्यासनी लिखी धाडं, काम चालू शे.”

डब्यात सगळ्यात वर मी लिहिलेलं इंग्रजी पत्र होतं. घडीसुद्धा नीट होती. ते टपालात पडलंच नव्हतं. पाठीमागे पेन्सिलीनं, शाळेत गिरवलेल्या वळणदार अक्षरात, आप्पांनी लिहिलं होतं: ‘बाईने माझ्यासाठी खोटे लिहिले. इंजिन हे मानणार नाही. बाईला याबद्दल काही बोलू नये.’

मी ते किती वेळा वाचलं मला सांगता येणार नाही. जिजी शेजारी बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि त्यात काय लिहिलं आहे ते त्यांनी विचारलं नाही.

पत्राखाली बारा पट्ट्या. तीन कोऱ्या, नऊ वापरलेल्या. प्रत्येकीच्या कागदावर माझ्या अक्षरात ‘आधी’ आणि आकडा. त्याच्या बाजूला आप्पांच्या अक्षरात शंभर तासांची नोंद आणि वळणातला बदल: पानं अधिक वाकवली, फट रुंद केली, फट पुन्हा कमी केली. ‘नंतर’पुढची जागा नऊही कागदांवर कोरी. नवव्या कागदावर एक ओळ जास्त होती: ‘ही आधी बाईला दाखवावी.’

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शाळेत आता शास्त्राचे नवे गुरुजी होते, त्यांनी प्रयोगशाळा उघडून दिली आणि मला एकटीला सोडलं. काटा तोच, काचेच्या पेटीला एक तडा गेलेला. नववी आधी दाखवावी असं त्यांनी लिहिलं असूनही माझा धीर झाला नाही. मी पहिलीपासून सुरुवात केली. पहिली जुन्या पट्टीइतकीच. दुसरी बरी. तिसरी पुन्हा वाईट. पाचवीच्या कागदावर ‘इंजिन तापले, हिशेबात धरू नये’ असं होतं, तिचंही वजन केलं. आठवी निम्म्याच्या अगदी जवळ आली. मग नववी ठेवली.

एकदा वजन केलं, पुन्हा केलं, पारडी पुसून तिसऱ्यांदा केलं. निम्मी सोडा, झीज तिसऱ्या हिश्शावर आली होती. आप्पांचं वळण धुळीला बाहेरचं दार दाखवत होतं. हा आकडा मी पुढे साहेबांना कळवला, ते केव्हाच निवृत्त होऊन कुठे गेले ते कुणाला माहीत नव्हतं, पाकीट परत आलं. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी मी फक्त ‘नंतर’पुढे आकडा लिहिला, खरा, सुवाच्य अक्षरात. मग नववी पट्टी उचलून तिची कड ओठावरून फिरवली. ती गुळगुळीत लागली.

मी काचेची पेटी बंद केली, पट्टी कागदात गुंडाळली आणि आप्पांना सांगायला व्हरांड्यात गेले.